‘पोचला का?’ नावाचा कॉलम

इथले भुताखेतांचे किस्से मी जेवताना मोबाईलवर वाचते. वाचते आणि हसते, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ही पहिल्यापासून असलं मानणारीच होती. माझे पप्पा भोकरदनला शाळेत मास्तर होते. आमचं घर बौद्ध, विहारात जाणारं, आणि घरात अंगात येणं, बाहेरची बाधा, नजर लागणं असला शब्द नुसता निघाला तरी पप्पा हातातला घास खाली ठेवायचे. "पुरावा दाखव," एवढंच म्हणायचे. मी त्यांची मुलगी, त्यात माझं काम डेटाचं. पुरावा नसेल तर बोलू नका, असं मी ऑफिसात येता-जाता लोकांना सुनावत असते. आता माझ्याकडेच अशी एक गोष्ट आहे आणि मला सुनावणारं कुणी नाही... म्हणून इथे लिहितेय.

जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. त्यातल्या एका मधल्या आकाराच्या कंपनीत मी आहे. नाव सांगणार नाही, शेठ अजून पगार देतात. आम्ही कापसाचं हायब्रीड बियाणं करतो. म्हणजे शेतकऱ्यांच्या रानात प्लॉट घ्यायचे, तिथे बायका एकेक फूल हातानं क्रॉस करतात, म्हणजे एका वाणाचा पराग दुसऱ्याच्या फुलाला लावतात, आणि आमचे फील्ड ऑफिसर अख्खा दिवस मोटरसायकलवर त्या प्लॉटांवर फिरतात. भोकरदन, बदनापूर, अंबड, घनसावंगी, थेट खाली गोदावरीकाठी शहागडपर्यंत.

पुण्याची नोकरी सोडून मी इथे आले तेव्हा हा सगळा कारभार व्हॉट्सअॅप आणि एक्सेलवर चालायचा. प्रत्येकाची एक्सेल वेगळी आणि प्रत्येकाचं खरं वेगळं. मी तो सगळा डेटा गोळा करून एका क्लाउड डेटा वेअरहाऊसमध्ये टाकला. वेअरहाऊस म्हटल्यावर शेठनी विचारलं, "ते बांधून राह्यले कुठं? आपल्या गोदामाच्या मागं जागा पडून हाय की." मी म्हटलं, शेठ, ते बांधलेलंच आहे, मुंबईकडे कुणाच्या तरी कंप्युटरांवर, आपण फक्त भाडं भरायचं. शेठना ते भाडं अजून पटलेलं नाही, पण तो विषय वेगळा.

मग त्या वेअरहाऊसवर मी ऑफिसच्या वापरासाठी छोटी छोटी टूल्स बांधायला घेतली. एक लॉटचं, एक उगवण चाचणीचं, आणि एक फील्डचं, ज्याच्यामुळे हे लिहिणं आलं. साधी स्क्रीन आहे. डावीकडे फील्ड ऑफिसरांची नावं एकाखाली एक, पुढे आज कुठल्या प्लॉटवर गेला, फुलं कशी आहेत, कीड आहे का, शेरा. शेवटी बारीक अक्षरात दिसतं की ही ओळ कोणी आणि कधी बदलली. स्क्रीनवर भरलेलं सरळ वेअरहाऊसमध्ये जातं आणि वेअरहाऊसमध्ये असेल तेच स्क्रीनवर येतं. तिथे नसलेली गोष्ट इथे दिसू शकत नाही. एवढं वाक्य कृपया लक्षात ठेवा.

प्रॉडक्शनचे इन्चार्ज होते शेजूळकाका. उंच, काळेसावळे, शर्टाच्या खिशात कायम एखादं कापसाचं बोंड. मला ‘कंप्युटरबाई’ म्हणायचे आणि मी चिडले की जास्तच म्हणायचे. काकांची एक पद्धत होती. फील्डवर गेलेल्या प्रत्येक माणसानं संध्याकाळी घरी पोचलं की त्यांना मिस्ड कॉल द्यायचा. ते उचलायचे नाहीत. फोन वाजून बंद पडला की मान हलवायची आणि पुढच्याची वाट बघायची. सगळ्यांचे मिस्ड कॉल आल्याशिवाय काका खुर्चीवरून उठत नसत. एखाद्याचा राहिला तर स्वतः फोन लावायचे.

"काय रे, पोचला का? मंग सांगाया काय होतं तुला? तुझ्यासाठी बसून राह्यलो ना मी इथं."

समोरचा म्हणायचा, काका तुम्ही जा घरी, मी पोचल्यावर देतो की. त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं. "तू पोच, मंग मी उठतो."

फील्डचं टूल मी पहिल्यांदा त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. मग म्हणाले, "बराबर हाय समदं. पण पोचला का, ते कुठं लिहायचं?"

"काका, तो काही डेटा नाही. त्याचा रिपोर्ट कोण बघणार?"

"मी बघणार की."

"पण त्यातून कंपनीला काय कळणार?"

त्यांनी चष्मा काढला. "ह्याच्यात फूल हाय, कीड हाय, लॉट हाय. समदं मालाचं हाय. माणसाचा एक तरी खाना टाक ना, कंप्युटरबाई."

टाकला. कुरकुरत टाकला, कारण त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. सगळ्यात शेवटचा कॉलम, नाव त्यांनीच दिलेलं – ‘पोचला का?’ सकाळी प्रत्येकाच्या नावापुढे आपोआप ‘नाही’ यायचं. संध्याकाळी माणसानं घरी जाऊन मोबाईलवर दाबलं की ‘हो’. मिस्ड कॉलही चालूच राहिले, काकांचा स्क्रीनवर पूर्ण विश्वास नव्हता.

त्यांचा दुसरा नियम कालव्याचा. जायकवाडीचा डावा कालवा वडीगोद्रीच्या अंगानं जातो. त्याच्या काठानं मुरमाची पट्टी आहे, शहागडकडून येताना पोरं शॉर्टकट म्हणून तिथून गाड्या काढतात. कडा ढासळलेल्या, बाजूला वेड्या बाभळींचं रान. काका प्रत्येकाला बजावायचे, "कालव्याच्या पट्टीनं यायचं न्हाई. हायवेनं ये. ट्रक आला तर दिसतो तरी." कुणी तिथून आल्याचं कळलं तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्यानं व्हायची.

दोन वर्षं होत आली, काका गेले. अंबड रोडच्या आत त्यांचं गाव आहे, स्कूटरवर जा-ये करायचे. त्या संध्याकाळी शेवटच्या माणसाचा ‘हो’ आल्यावरच उठले, रोजच्यासारखे. वाटेत छातीत दुखलं असणार. स्कूटर रस्त्याच्या कडेला नीट स्टँडवर लावलेली होती आणि काका लिंबाच्या झाडाला पाठ टेकून बसलेले. सकाळी दूधवाल्यानं बघितलं. काकू तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला परभणीला होत्या, त्यामुळे घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तर वाचले असते. आम्ही भेटायला गेलो तेव्हा काकू रडत नव्हत्या. एकच वाक्य बोलल्या, "समद्यांचं इचारायचे. त्यांचं कोण इचारणार होतं?"

ते वाक्य मला लागलं. कारण त्या यादीत काकांचं नाव कधी नव्हतंच. यादी फील्ड ऑफिसरांची होती, काका ती बघणारे होते.

त्यांच्या जागी राठोडसर आले. माणूस वाईट नाही, कामाला चोख, फक्त घाईचा. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "मॅडम, तो शेवटचा कॉलम काढा. लोकांना ती हजेरी वाटते. घरी कधी गेलो हे कंपनीला कशाला, म्हणतात." फील्डवाल्यांची खरंच तशी कुरकुर होती, आणि राठोडसर मिस्ड कॉलची वाट बघत बसणाऱ्यांतले नव्हते. मी कॉलम काढला. स्क्रीनवरून काढला आणि वेअरहाऊसमधल्या टेबलातून, म्हणजे मूळ तक्त्यातूनही. काकांचं लॉगिन बंद केलं. अशा कामात मी अर्धवट काही ठेवत नाही.

आता मागच्या दिवाळीच्या आधीचा तो दिवस.

दिवस मावळत होता. ऑफिस जवळजवळ रिकामं, दिवाळीच्या खरेदीसाठी लोक लवकर पळालेले. मला भोकरदनची बस धरायची होती, बॅग पायाशी तयार होती. राठोडसर त्यांच्या टेबलावर फोनवर कुणाला तरी झापत होते. मी निघण्याआधी फील्डची स्क्रीन उघडली, दिवसाचा डेटा आला का एवढंच बघायला.

शेवटी तो कॉलम होता.

‘पोचला का?’ तेच नाव, त्याच जागी. सगळ्यांपुढे ‘हो’, ‘हो’, ‘हो’. एकाच नावापुढे ‘नाही’. अंकुश. आणि ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात, बदल करणारा – शेजूळ.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही, राग आला. मला वाटलं, जुनं व्हर्जन कुठून तरी वर आलं. माझ्या कामात असला गबाळेपणा मला चालत नाही. मी पेज रिफ्रेश केलं. तसंच. ब्राउझर बंद करून उघडला. तसंच. मग सरळ वेअरहाऊसमध्ये जाऊन टेबल उघडलं. तिथे असा कॉलमच नाही. स्क्रीनवर आहे आणि जिथून स्क्रीनवर येतो तिथे नाही. म्हटलं, आपलं डोकं फिरलंय, आणि राठोडसरांना हाक मारली.

"सर, जरा इकडे या. हे तुम्हाला दिसतंय का?"

ते फोन कानाला लावूनच आले. बघितलं. "काढायला सांगितला होता ना तुम्हाला?"

"काढलाय."

"मंग हे काय हाय?" ते वाकले, नाव वाचलं, आणि कानाचा फोन खाली घेतला. "मॅडम... अंकुश तर औंदा लागला. काकांना तो कुठं म्हाईत होता?"

तेव्हा मला पहिल्यांदा थंडी वाजली. जुनं व्हर्जन, जुना डेटा, साठवलेलं पान, काहीही असतं तरी त्यात अंकुशचं नाव येण्याचं कारण नव्हतं. काका गेले त्यानंतर कितीतरी महिन्यांनी तो आमच्याकडे आला. शहागड–वडीगोद्रीचा पट्टा त्याच्याकडे होता. हसरा पोरगा, घरी बायको आणि बोलायला लागलेली एक मुलगी.

राठोडसर म्हणाले, "लावा त्याला फोन."

रिंग जात होती. उचलत नव्हता. परत लावला, परत तेच. मग त्याच्या बायकोला लावला. मागे मुलीचा आवाज येत होता.

"ताई, ते तर दुपारूनच येतो म्हणले होते," ती म्हणाली. "पोरीला कपडे घ्यायला जायचं होतं. रेंज नसंल म्हणून मी बी गप बसून राह्यले. काही झालं का ताई?"

मी म्हटलं, काही नाही, कामाचं विचारायचं होतं. खोटं बोलणं मला आयुष्यात कधी इतकं जड गेलं नाही. मग ज्यांच्या प्लॉटवर तो गेला होता त्या शेतकऱ्याला फोन लावला, शहागडच्या अलीकडे त्यांचं रान आहे, भाऊसाहेब म्हणतात त्यांना.

"अंकुश? तो तर दुपारीच गेल्ता की, मॅडम. चहा बी घेतला न्हाई, जल्दी हाय म्हणला."

"कुठल्या रस्त्यानं गेला?"

"ते काय बघितलं न्हाई बुवा."

मी स्क्रीनकडे बघितलं. राठोडसर आधीपासूनच बघत होते, त्यांनी नुसतं बोट लावलं. अंकुशच्या ओळीत शेऱ्याचा रकाना आत्तापर्यंत रिकामा होता. त्यात एक शब्द आला होता. ‘कालवा’.

मी फोनवर काय बोलले ते मला नीट आठवत नाही. भाऊसाहेबांनीच नंतर सांगितलं की मी त्यांच्यावर ओरडले, गाडी काढा, कालव्याच्या पट्टीनं वडीगोद्रीकडे या, हळू या, कडेला खाली बघत या. ते आणि त्यांचा भाऊ निघाले. आम्ही दोघं त्या स्क्रीनपुढे बसून राहिलो. राठोडसरांना इतका वेळ एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाहेर फटाके वाजायला लागले होते आणि प्रत्येक आवाजाला आम्ही दचकत होतो. सारखी ती मुलगी डोळ्यांपुढे येत होती, नवे कपडे घालायचे म्हणून दारात उभी असलेली.

फोन आला. भाऊसाहेबांना धाप लागली होती.

"घावला मॅडम. जित्ता हाय. पार खाली हाय बाभळीत, गाडी पायावर पडली. वरून दिसतच न्हाई हो, आम्ही दोनदा तिथूनच गेल्तो. फोन वाजला म्हणून थांबलो. तुम्ही लावून राह्यल्या होत्या ना?"

मी त्या वेळी फोन लावत नव्हते. राठोडसरही नव्हते. त्याच्या बायकोनं लावला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याला पिकअपमध्ये घालून आधी अंबडला नेलं, तिथून जालन्याला. पाय दोन ठिकाणी मोडला होता, रक्त खूप गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत टिकला नसता. राठोडसर दवाखान्यात निघाले आणि मी लॅपटॉप बंद करायला वळले. तेव्हा स्क्रीनवर तो कॉलम नव्हता. शेऱ्याचा रकाना रिकामा होता. फोटो काढायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही, त्यामुळे पप्पांचा प्रश्न कुणी विचारायच्या आधीच सांगते, पुरावा नाही.

दोन दिवसांनी मी अंकुशला भेटायला गेले. पायाला रॉड घातलेला, तोंड सुजलेलं, तरी मला बघून उठायला लागला. म्हणाला, "ताई, मला लई झोप यायची. पण फोन वाजायचा. हाताला येत नव्हता, लांब उडाल्ता, पण वाजायचा. एक रिंग वाजली की बंद. जरा वेळानं परत एक रिंग, बंद. कोणीतरी मिस्ड कॉल देऊन राह्यल्यासारखं. त्याच्यानं झोपच लागू दिली न्हाई बघा."

त्याचा फोन त्याच्या उशाशीच होता. मी मागून घेतला आणि बघितला. त्या दिवशीचा पहिला मिस्ड कॉल माझा होता, संध्याकाळचा. दुपारभर एकही नाही. त्याच्या बायकोचाही नाही, ती खरंच गप बसून होती. भाऊसाहेबांना रिंग ऐकू आली, त्या वेळचा तर कुणाचाच नाही. मी फोन परत उशाशी ठेवला.

कामावर परतल्यावर मी जे जे तपासता येतं ते सगळं तपासलं. वेअरहाऊसवर कोणकोणत्या क्वेरी चालल्या, म्हणजे कुणी काय मागितलं, काय बदललं, त्याची नोंद असते; त्या संध्याकाळची बघितली. सगळ्या माझ्या आणि ठरलेल्या. काकांचं लॉगिन बंद ते बंदच. राठोडसरांना विचारलं, सर, तुम्ही पण बघितलं ना? ते म्हणाले, "मी काही बघितलं न्हाई मॅडम. माझी आई ह्या असल्या गोष्टींनी आजारी पडती, हा विषय नको." आणि दारापर्यंत जाऊन परत आले. "तो कॉलम टाका परत. आन ह्या वेळेला माझं पण नाव टाका त्याच्यात. तुमचं पण."

भाऊबीजेनंतर मी काकूंकडे गेले, फराळाचा डबा घेऊन. सांगावं की नाही, ठरत नव्हतं. घरात काकांचा हार घातलेला फोटो, खाली त्यांचा चष्मा. शेवटी सांगून टाकलं, सगळं, जसं इथे लिहिलंय तसं. मला वाटलं रडतील. काकू चिवडा निवडत ऐकत होत्या, म्हणजे त्यातले शेंगदाणे माझ्या बशीत टाकत होत्या.

"पोरगं बरंय ना आता?"

"हो. चालायला वेळ लागेल, पण बरा आहे."

"मंग झालं." अजून चार शेंगदाणे बशीत टाकले आणि म्हणाल्या, "आता परत खाना केला म्हणती ना तू? त्यांचं बी नाव टाक त्याच्यात. ऱ्हाऊन गेल्तं."

गेलेल्या माणसाची ओळ लाइव्ह टेबलात टाकायची, हे माझ्या सगळ्या शिक्षणाच्या विरुद्ध होतं. पण त्या बाईला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी यादीच्या सगळ्यात खाली एक ओळ टाकली – शेजूळकाका. पुढे सगळ्यांसारखंच, ‘नाही’.

त्या संध्याकाळी एकेक जण पोचत गेला. भोकरदनचा, बदनापूरचा, घनसावंगीचा. राठोडसरही घरी पोचले, त्यांनी इमानदारीत दाबलं. खाली काकांपुढे ‘नाही’ तसंच. साहजिकच आहे, दाबणार कोण? पण ते बघवेना. मला ते लिंबाचं झाड आठवलं. म्हटलं, आपणच दाबू, कुणाचं काय जातंय. मी ‘हो’ केलं.

लगेच परत ‘नाही’ झालं. बदल करणारा – शेजूळ.

मी परत ‘हो’ केलं. परत ‘नाही’.

ऑफिसात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पळून जावंसं वाटत होतं. मी यादी वरपासून वाचत आले, नुसतं हाताला काम म्हणून. सगळ्यांपुढे ‘हो’. दोनच नावं राहिली होती. एक काकांचं. एक माझं.

‘तू पोच, मंग मी उठतो.’

कानात आवाज आला असं मी म्हणणार नाही, आला नाही. फक्त आठवलं. आणि रडू आलं. मी लॅपटॉप मिटला, स्कूटी काढली, सरळ जालन्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर गेले. दार उघडलं, चप्पल पायात तशीच, मोबाईल काढला आणि माझ्या नावापुढे ‘हो’ दाबलं. स्क्रीनकडे बघत उभी राहिले. सगळ्यात खालची ओळ हलली. काकांपुढे ‘हो’ आलं. ते ‘हो’ तसंच राहिलं.

तेव्हापासून हे रोज होतं. यादीतला शेवटचा माणूस पोचला की त्याच्या पाठोपाठ काका. शेवटचा कोणीही असो, मी, राठोडसर, नाहीतर आता काठी घेऊन का होईना परत फील्डवर जाणारा अंकुश. त्या टेबलात आपोआप बदल करणारं जे जे काही असू शकतं ते सगळं मी शोधलं. सकाळी ‘नाही’ टाकणारा एक छोटा प्रोग्राम आहे, तो माझाच. दुसरं काहीही नाही.

पप्पांनाही दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळ्या नोंदी वाचल्या, पार मागच्यापर्यंत. म्हणाले, "हे कुणीतरी करतंय." मी विचारलं, कोण? पप्पांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. पण हल्ली रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो, आधी कधी यायचा नाही. "पोचली का?" एवढंच विचारतात आणि ठेवतात.

एकदाच चुकलं. जानेवारीत मला ताप होता. कशीबशी खोलीवर आले, गोळी घेतली आणि पांघरूण घेऊन पडले, पप्पांचा फोनही कळला नाही. सकाळी जाग आली आणि पहिली आठवण ती झाली. कालच्या नोंदी उघडल्या. सगळ्यांपुढे ‘हो’. माझ्यापुढे ‘नाही’. काकांपुढे ‘नाही’. संध्याकाळी नाही, रात्री नाही, पहाटे नाही. त्या रात्री जालन्यात कडाक्याची थंडी होती.

एक माणूस एकदा रात्रभर रस्त्यावर राहिला, कारण त्याचं विचारणारं कुणी नव्हतं. त्याला मी परत तसंच बसवून ठेवलं, असं मला वाटलं. हे वाटणं कुठल्याही नोंदीत बसत नाही, मला कळतंय. कुणाला याचं कारण सापडलं तर जरूर सांगा, मी अजूनही पुरावा मागणाऱ्या मास्तरांचीच मुलगी आहे. मला सापडलेलं नाही. तोवर खोलीवर आले की चप्पल काढायच्या आधी मी ते ‘हो’ दाबते, खाली काकांचं ‘हो’ येईपर्यंत दारातच उभी राहते, आणि मगच आत जाते.